एका कलाशाळेचे विद्यार्थी

नाशिकजवळ पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या विद्येचा आरंभ चित्रकलेपासून झाला, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

सर जमशेटजी जीजीभाई या दानशूर गृहस्थांनी दिलेल्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत एक कलाशाळा सुरू झाली. तीच आजची सर ज. जी. कलाशाळा. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले फाळके १८८५ मध्ये या शाळेत दाखल झाले. पुढे ते छायाचित्रण व मुद्रणकलाही शिकले.

मुंबईत एकदा त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या पुराणकथाही अशाच पडद्यावर आणाव्यात, असा त्यांना ध्यास लागला. अतिश्रमाने काही काळ त्यांची दृष्टी गेली. तरी निश्चय ढळला नाही. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा आणला. एका वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून त्यांनी एक लघुपट केला. पडद्यावर रोप पाहता पाहता वाढताना दिसले! निरीक्षण आणि चिकाटी हेच त्याचे रहस्य होते. घरी फिल्म धुण्याच्या कामी पत्नी सरस्वतीबाईंनी मोलाचे साहाय्य केले. अखेर ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. पुढे नाशिक हीच त्यांची कर्मभूमी झाली. तेथेच १९४४ साली त्यांचा अंत झाला.

याच शाळेतील इतर विद्यार्थ्यांनी निराळ्या वाटा चोखाळल्या. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच, वयाच्या विशीच्या सुमारास, ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प घडवले. पूजेसाठी देवळाकडे निघालेल्या स्त्रीचा तो पुतळा पाहून जाणकार थक्क झाले. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी शिवचरित्रातील प्रसंग व आपल्याकडील लोकजीवन रंगवले. ज्या शाळेत ते शिकले, तेथेच शिक्षक होऊन पुढे त्यांनी संचालकपदही सांभाळले. नागपूरला जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांनी १९४८ साली तेथील शिक्षण पूर्ण केले. त्यांच्या पुढील चित्रांत माणूस नाही, झाड नाही. केवळ रंग व प्रकाश आहे.

एकाने दगडमातीत, दुसऱ्याने रंगात, तिसऱ्याने हलत्या चित्रांत आपली वाट शोधली. शाळा एकच, वाटा मात्र किती भिन्न! शाळा हातास वळण आणि डोळ्यांस दृष्टी देते. तिचा उपयोग कोठे करावा, हे ज्याचे त्यानेच ठरवावे लागते. मुलांनो, आज चित्रकलेच्या तासाला पान रेखाटताना त्याच्या शिरा नीट न्याहाळा. वाटाण्याच्या रोपाकडे फाळक्यांनी असेच दिवसामागून दिवस पाहिले होते.