धूळ आणि पहिला क्षण

विश्वाच्या पहिल्या क्षणाचा माग लागला, अशी घोषणा १७ मार्च २०१४ रोजी अमेरिकेत झाली. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ या दुर्बिणीने हा शोध लावल्याचे सांगितले गेले. आंद्रेई लिंडे या वयोवृद्ध शास्त्रज्ञाच्या दारात जाऊन एक तरुण सहकारी ही बातमी देतो आणि मग शॅम्पेन उघडली जाते, ती चित्रफीत मी तेव्हा पुन्हा पुन्हा पाहिली होती. पुढे जे झाले ते मला त्या घोषणेपेक्षा मोलाचे वाटते. विज्ञानाची पदवी नसलेल्या माझ्यासारख्या वाचकाला विश्वशास्त्राची खरी रीत त्यातून कळली.

सर्व दिशांनी आपल्याकडे सूक्ष्मलहरींचे एक मंद प्रारण येत असते. न्यू जर्सीत पेन्झियास आणि विल्सन यांना ते १९६४-६५ मध्ये आढळले. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना मोकळा झालेला हा प्रकाश आता थंडावून उणे २७० अंश सेल्सिअसवर आला आहे. त्याआधीचे विश्व दाट धुक्यासारखे अपारदर्शक होते. म्हणजे पहिला क्षण थेट दिसणे नाही. त्याचे ठसे या प्रकाशावर उमटले असतील तर तेवढेच हाती लागायचे.

चमत्कारिक गोष्ट ही की या प्रारणाचे तापमान सगळीकडे जवळजवळ सारखे आहे. फरक लाखात एखाद्या भागाचा. साध्या गणिताने पाहिले, तर आकाशात चार-पाच पूर्णचंद्रांच्या रुंदीपेक्षा दूर असलेल्या भागांचा तोवर एकमेकांशी संपर्कच आलेला नसणार. मग तापमान जुळले कसे? अॅलन गुथ यांनी १९८१ मध्ये उत्तर सुचवले: एका सेकंदाच्या कल्पनातीत लहान अंशात विश्व प्रचंड फुगले आणि मुळात शेजारी असलेले भाग दूर फेकले गेले. हेच इन्फ्लेशन. (शब्दकोश याला महागाई म्हणतो आणि पुढे ज्याच्याविषयी लिहायचे आहे ते ध्रुवीकरणही राजकारणाने पळवले आहे. त्याला इलाज नाही.)

या फुगण्यात पुंजभौतिकीतले सूक्ष्म चढउतार ताणले गेले आणि त्यांतूनच पुढे दीर्घिका घडल्या. मोठ्या पल्ल्याचे चढउतार छोट्यांपेक्षा किंचित ठळक असावेत, अशी इन्फ्लेशनच्या साध्या प्रतिकृतींची अपेक्षा होती. प्लँक उपग्रहाने हा कल ०.९६५ मोजला, कल मुळीच नसता तर आकडा १ आला असता. माझ्या मते इन्फ्लेशनच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा हाच, पण तो बातम्यांत फारसा येत नाही.

दुसरे भाकीत गुरुत्वीय लहरींचे. त्या असतील तर प्रारणाच्या ध्रुवीकरणात भोवऱ्यासारखी नक्षी उमटेल, जी आरशात पाहिल्यास उलटी फिरते. घनतेतल्या चढउतारांची नक्षी आरशात तशीच राहते. बायसेप-२ ला ही भोवऱ्यांची नक्षी खरोखरच दिसली.

पण आपल्या आकाशगंगेतले धूलिकण चुंबकीय क्षेत्रात एका दिशेने रांग धरतात, आणि त्यांच्या प्रारणातही तशीच नक्षी असते. बायसेप-२ ने एकाच वारंवारतेवर, १५० गिगाहर्ट्झवर पाहिले होते. धूळ वरच्या वारंवारतांवर अधिक ठळक होते, म्हणून तिला वेगळे काढायला दुसरे मोजमाप हवे. प्लँकने ३५३ गिगाहर्ट्झवर ते केले. २०१५ मध्ये दोन्ही गटांनी आकडे एकत्र मांडले, तेव्हा आदिम लहरींचा दावा उरला नाही.

इथे एक योगायोग नोंदवतो. फ्रेड हॉएल, जेफ्री बर्बिज आणि आपले जयंत नारळीकर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या पर्यायी सिद्धान्तात हे सारे प्रारणच ताऱ्यांच्या प्रकाशातून धुळीने घडवलेले मानले होते. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही, मलाही पटत नाही. पण प्रस्थापित सिद्धान्ताला पुरावा विचारण्याचा त्यांचा हट्ट मला योग्यच वाटतो. इन्फ्लेशनच्या शिल्पकारांपैकी एक, पॉल स्टाइनहार्ट, आज त्याचे कडवे टीकाकार आहेत. हा सिद्धान्त इतका लवचीक की कोणतेही निरीक्षण त्यात बसवता येते, असा त्यांचा आक्षेप आहे. २०१७ मध्ये गुथ, लिंडे यांच्यासह तेहतीस शास्त्रज्ञांनी त्याला लेखी उत्तर दिले.

दक्षिण ध्रुवावरचे काम चालूच आहे. घनतेच्या चढउतारांच्या तुलनेत गुरुत्वीय लहरींचे प्रमाण २०१४ मध्ये ०.२ सांगितले गेले होते. २०२१ च्या निष्कर्षानुसार ते ०.०३६ पेक्षा कमी असले पाहिजे. लिंडे यांनीच १९८३ मध्ये सुचवलेल्या सर्वांत साध्या प्रतिकृती एवढ्याने बाद झाल्या आहेत.