लेन्स घालून झोपलं तर नक्की काय होतं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

शुक्रवारची रात्र, पुणे-कोल्हापूर गाडी. लॅपटॉप बंद केला आणि लेन्स न काढताच झोपलो. पहाटे स्टँडवर उतरलो तर उजवा डोळा लालभडक, उजेड सहन होईना. आई म्हणाली, "मेडिकलमधून ड्रॉप आण." नशीब, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. बुब्बुळावर छोटी जखम होती. वेळेत गेलो म्हणून वाचलो.

मला वाटायचं, आपली लेन्स महागातली, सिलिकॉन हायड्रोजेलची, मग कसली भीती? तिथंच चुकलो.

बुब्बुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. त्याला ऑक्सिजन मुख्यतः थेट हवेतून मिळतो. पहिली चांगली मऊ लेन्स ओट्टो विख्टरले या चेक शास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात घरीच, मुलांच्या खेळण्यातल्या मेकॅनोसारख्या संचाचं यंत्र जोडून बनवली. त्या हायड्रोजेलमधून ऑक्सिजन फक्त पाण्यावाटे जातो, म्हणून कमी जातो. १९९० च्या दशकाच्या शेवटी सिलिकॉन हायड्रोजेल आलं आणि ऑक्सिजन कितीतरी पट वाढला. सगळ्यांना वाटलं, आता इन्फेक्शनही कमी होणार.

झालं नाही. ऑस्ट्रेलियातल्या २००८ च्या एका अभ्यासात, साधी मऊ लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्या १० हजार जणांत वर्षाला साधारण २ जणांना बुब्बुळाचं इन्फेक्शन झालं. रात्रीही घालणाऱ्यांत हा आकडा साधारण २० होता. आणि सिलिकॉनवाली घालून झोपणाऱ्यांत? २५ च्या आसपास!

आमच्या भाषेत सांगायचं तर एक बग फिक्स झाला, दुसरा तसाच राहिला. आपण पापणी मिटतो तेव्हा अश्रू जंतू धुऊन नेतात. झोपेत पापणी हलत नाही, लेन्सखालचं पाणी साचून राहतं. लेन्सवर आणि डबीत जंतूंचा चिकट थर बसतो. मटेरियल कितीही भारी असो, हे बदलत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. अकँथअमिबा नावाचा सूक्ष्मजीव नळाच्या, विहिरीच्या, तलावाच्या पाण्यात असतो. तो कठीण कवच करून बसतो, क्लोरीनलाही दाद देत नाही. म्हणून लेन्स किंवा डबी नळाखाली धुवायची नाही. पंचगंगेत पोहायला जाताना, अंघोळीला जाताना लेन्स बाहेर.

आणि एक. आपल्याकडे बुब्बुळाच्या जखमा बऱ्याचदा शेतात होतात, उसाचं पान लागून वगैरे, आणि त्यात बुरशीही असते. त्यामुळे डॉक्टरांना आधीच सांगा, "मी लेन्स वापरतो."

डोळा लाल झाला, दुखला, उजेड खुपला, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लेन्स आणि डबी फेकू नका, तपासणीला उपयोगी पडतात. मेडिकलमधून स्वतःहून स्टेरॉइडचे ड्रॉप तर अजिबात नको, बुरशी असेल तर ती आणखी वाढते.

माझ्या बॅगेत आता चष्म्याची केस कायम असते. गाडी सुटायच्या आधी लेन्स बाहेर. तुम्हीही एवढं कराच. भेटू पुढच्या एपिसोडला!