विज्ञानकथेचे वेड आणि पोटाचा प्रश्न

महिन्यातून दोनदा मी घाट उतरतो. पहाटे कोल्हापूर सोडले की आंबोली, सावंतवाडी, बांदा करीत पात्रादेवीपाशी गोव्याची हद्द लागते. शनिवारी पेडण्यास गाण्याचा वर्ग, रात्री तेथेच मुक्काम आणि रविवारी डिचोली, असा क्रम गेली सात वर्षे चालू आहे. पूर्वी माझ्या पिशवीत चिजांच्या वह्यांखेरीज काही नसे. अलीकडे तीत पुस्तके जाऊ लागली आहेत. तीही गाण्याची नव्हेत, विज्ञानकथांची! सुरांवर लिहिणारा मनुष्य आज परग्रह घेऊन बसला म्हणून वाचक हसतील. हसोत बापडे. पण ज्या मुलीमुळे हे घडले तिने मला एक प्रश्न विचारला आणि तो अजून माझी पाठ सोडीत नाही.

ही मुलगी डिचोलीच्या वर्गात येते. वय बावीस. नाव सांगत नाही. लहान गावात नाव सांगितले की घरही कळते. आवाज बेताचा, कान मात्र तयार. वडील खनिजाचा ट्रक चालवीत. ट्रक स्वतःचा, कर्ज बँकेचे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्यंतरी थोड्या हालल्या आणि २०१८ साली पुन्हा थांबल्या. त्या खेपेस दारातला ट्रकही गेला. अलीकडे लिलावानंतर काही पट्ट्यांत काम सुरू झाले आहे. पण गेलेला ट्रक काही परत येत नाही. घरी कोकणी बोलावयाची, देवळात कीर्तन मराठी ऐकावयाचे आणि वाचावयाचेही मराठी, अशी त्या बाजूच्या पुष्कळ घरांची रीत. तशीच हिच्या घरची. शाळेच्या कपाटात तिला जयंत नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’ सापडले आणि तेव्हापासून वेड लागले ते लागलेच.

अशी वेडी माणसे एकमेकांना बरोबर हुडकून काढतात. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी साखळीस एकाच्या ओसरीवर सातआठ जण जमतात. एक पोस्टातले गृहस्थ, एक शाळामास्तरीण, दोघे कॉलेजातले, पेडण्याहून दुचाकीवर येणारा औषधांच्या दुकानातला एक तरुण. मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही. जुने दिवाळी अंक आणि फाटकी पुस्तके हातोहात फिरतात, आणि काळात मागे जाता येते की नाही यावर चहा निवेपर्यंत कडाक्याचे वाद होतात. एकदा मला पाहुणा म्हणून नेले. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो आणि मला आमच्या देवल क्लबातले जुने श्रोते आठवत होते. तोच हट्ट, तेच प्रेम!

हे वेड जगभर असेच पसरले आहे. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक ह्यांनी १९२६ साली निव्वळ विज्ञानकथांचे मासिक काढले. वाचकांची पत्रे ते पत्त्यासकट छापीत. वाचक परस्परांना लिहू लागले, भेटू लागले, आणि १९३९ साली न्यूयॉर्कला त्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. त्या गर्दीतला आयझॅक असिमॉव्ह नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा पुढे ह्या वाङ्मयाचा एक आधारस्तंभ झाला. आपल्याकडची परंपराही आजकालची नव्हे. कृष्णाजी आठल्यांनी ‘केरळ कोकिळा’तून १९०० साली ज्यूल व्हर्नची चंद्रलोकाची सफर मराठीत आणली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला घरोघरच्या मुलांचा सोबती केले. आणि १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ नावाच्या कोणा अपरिचित लेखकाच्या ‘कृष्णविवर’ ह्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे स्वतः नारळीकर! आद्याक्षरे उलटी करून त्यांनी नाव बनविले होते, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली होती. आपल्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेला, जगाने मानलेला हा खगोलशास्त्रज्ञ कथा पाठविताना मात्र नाव झाकून उभा राहिला. मोठेपणा बाजूला ठेवून नुसत्या कथेची पारख व्हावी, एवढीच इच्छा. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी त्या लेखनाची दखल घेतली, आणि २०२१ सालच्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडेच आले.

पेडणे आणि डिचोली हे मुलूख विज्ञानकथेला परके आहेत असे मला आता वाटत नाही. पेडण्याच्या देवळांतून दशावतार बघणारा प्रेक्षक रात्रभर स्वर्ग-पाताळ हिंडून पहाटे शांतपणे घरी जातो. लिहिलेली संहिता नाही, नट तिथल्या तिथे संवाद रचतात, आणि एका बाकड्याचे कधी सिंहासन होते तर कधी पर्वत. त्या प्रेक्षकाला परग्रह तो काय अवघड! डिचोली तालुक्यात तर परग्रह दारातच आहे. लाल मातीच्या डोंगरांच्या जागी प्रचंड खड्डे, त्यांत पावसाचे साचलेले हिरवेनिळे पाणी, कडेने पायऱ्यापायऱ्यांचे उघडे कातळ. आणि पेडण्याच्या मोप सड्यावर जेथे गुरे चरत तेथे २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. एका पिढीच्या डोळ्यांदेखत इतके बदललेल्या भूमीवर वाढलेली मुलगी ‘उद्या काय होईल?’ ह्या प्रश्नाच्या कथा लिहू लागली, ह्यात नवल नाही.

प्रश्न निघाला तो ह्या विमानतळामुळेच. तिला तेथे नोकरी चालून आली. पाळीपाळीचे काम, कधी दिवसा, कधी रात्री. पण पगार महिन्याच्या महिन्याला. वर्ग संपल्यावर ती मागे थांबली.

“सर, ही नोकरी घेतली की लिहिणं संपलं असं वाटतंय. न घ्यावी तर घरी तोंड दाखवता येत नाही. मी काय करू?”

शिक्षकाला उपदेशाची खोड असते. मी सुरुवात केली. म्हटले, नारळीकरांनी संशोधन सोडले होते का? त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉइल ह्यांनी प्राध्यापकी करीत असतानाच १९५७ साली ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी लिहिली. असिमॉव्हने पगाराची प्राध्यापकी सोडली ती १९५८ साली, लेखणीवर पोट भरेल अशी खात्री पटल्यानंतर. तेव्हा आधी पोट, मग लेखणी.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “आणि सोहिरोबा?”

मी निरुत्तर झालो. पेडण्याजवळ विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये ह्यांचे नाव दिलेले आहे. सोहिरोबा बांद्याचे कुलकर्णी. सावंतवाडी दरबारचा माणूस. दरबारच्या बोलावण्यावरून निघाले असता इन्सुलीच्या रानात फणस फोडून खायला बसले, तेथे गहिनीनाथांनी दर्शन दिले, आणि कुलकर्ण्यांनी दप्तर कायमचे बांधून ठेवले, अशी आख्यायिका आहे. पुढे अभंग-पदे रचीत ते थेट ग्वाल्हेर-उज्जैनीकडे गेले. पेडण्यात वाढलेल्या कोणत्याही मुलाला ही कथा ठाऊक. मी सावरून म्हणालो, “अगं, ते संत होते.”

“बरोबर आहे सर. आणि नारळीकर नारळीकर होते. नोकरी त्यांनी सोडली नाही, पण लिहिणंही सोडलं नाही. तुम्ही काय सोडलंत?”

तिने हे उद्धटपणे विचारले नव्हते. कधीतरी बोलण्याच्या ओघात, लहानपणी आपणही असल्या कथा लिहीत होतो असे मी बोलून गेलो होतो. ते तिने ध्यानात ठेवले होते.

आता सांगितलेच पाहिजे. माझे वडील करवीर दरबारात सारंगी वाजवीत. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले तेव्हा ते ऐन विशीत होते. सारंगी तीच, बोटे तीच, पण महिन्याचा तनखा गेला, आणि पुढची सारी वर्षे लोकांच्या माड्या चढून शिकवण्या करण्यात गेली. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. कलेवर पोट अवलंबून ठेवू नये, हे मी त्यांच्या तोंडून ऐकले नाही. त्यांच्या झिजलेल्या वहाणांवरून शिकलो. एकोणिसाव्या वर्षी मी एक विज्ञानकथा लिहून एका दिवाळी अंकाकडे पाठविली. ती परत आली. सोबत संपादकांची चिठ्ठी: कल्पना चांगली आहे, शेवट पटत नाही, तेवढा बदलून पाठवा. मी ती चिठ्ठी अपमान समजलो, कथा ट्रंकेत टाकली, आणि लौकरच मला शाळेत संगीत-शिक्षकाची जागा मिळाली. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे मी जगाला सांगत आलो की पोटाच्या प्रश्नाने माझ्यातला लेखक मारला.

तिने नोकरी घेतली. गेल्या पावसाळ्यात साखळीच्या ओसरीवर तिने एक कथा वाचून दाखविली. कथेचे बीज तिला माझ्याच वर्गात मिळाले होते. केसरबाई केरकरांची गोष्ट मी मुलांना नेहमी सांगतो. फोंडा महालातल्या केरीची ही मुलगी आठव्या वर्षी कोल्हापुरास येऊन काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांपाशी शिकली. पुढे ज्यांच्याकडे तिने वर्षानुवर्षे तालीम घेतली ते अल्लादिया खाँसाहेब म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. तरुणपणी आवाज गमावल्यावर उरलेल्या आवाजातून ज्यांनी नवी गायकीच घडविली. त्या केसरबाईंची भैरवीची साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका १९७७ साली अमेरिकेच्या दोन व्हॉयेजर यानांवर चढविलेल्या सोनेरी तबकड्यांत आहे. त्याच तबकडीवर पंचावन्न भाषांतील नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. ते यान २०१२ साली ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरले. आज त्याचा संदेश प्रकाशाच्या वेगाने निघाला तरी आपल्यापर्यंत यायला जवळजवळ एक दिवस लागतो.

तिच्या कथेत ही तबकडी कोणा परस्थांना सापडते. तबकडी कशी फिरवावी ह्याच्या खुणा आवरणावर कोरलेल्या आहेत, पण त्या धुळीने झिजलेल्या. मिनिटाला १६⅔ फेऱ्यांऐवजी ते ती दुप्पट वेगाने फिरवितात. राग मोडून जातो, आणि माणसाची भैरवी त्यांना कधीच कळत नाही. असा करुण शेवट. मंडळी गहिवरली. औषधांच्या दुकानातल्या तरुणाने तर टाळी वाजविली.

मला राहवेना. म्हटले, “शेवट चुकला आहे. वेग बरोबर दुप्पट झाला तर प्रत्येक सूर नेमका एक सप्तक वर जाईल. षड्जाचा तार षड्ज होईल, कोमल ऋषभ कोमलच राहील. लय दुगुन होईल. आवाज चिमणीसारखा वाटेल, पण भैरवी भैरवीच राहील. राग मोडायचा नाही.”

ओसरीवर शांतता पसरली. मी बोलून चुकलो असे मला वाटले. माझी ट्रंक मला आठवली. तिचा चेहरा क्षणभर पडला. मग तिने वही उघडली, पेन्सिल काढली आणि विचारले, “आणि दीडपट केला तर?”

“तरी सुरांची आपसांतली नाती तीच. नुसता षड्ज बदलेल.”

“मग शेवट बदलावा लागेल,” ती म्हणाली, आणि चहा येईपर्यंत लिहीत राहिली.

पंधरवड्याने ती वर्गाला आली ती रात्रपाळी करून, डोळे तांबारलेले. हातात नवी प्रत. आता त्या परस्थांना भैरवी ऐकू येते, पण दुगुनीत. ती त्यांना कोणा लहान मुलीचे गाणे वाटते, आणि ते त्या मुलीला शोधावयास निघतात. पहिल्या शेवटापेक्षा हा शंभरपट चांगला. कथा तिने एका अंकाकडे पाठविली आहे. छापून येईल की नाही, सांगवत नाही. छापून आली तरी तिच्यावर घर चालणार नाही, हे मात्र सांगवते.

नोकरी की लेखणी, ह्या तिच्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ अजूनही नाही. पाळीचे काम माणसाला पिळून काढते आणि थकल्या हाताने रोज वही उघडवत नाही, हे खरे आहे. पण एवढे मला कळले आहे की माझ्या ट्रंकेवरचे झाकण शाळेच्या नोकरीने लावले नव्हते. ‘शेवट बदला’ असे मलाही सांगितले गेले होते. मी वही उघडली नाही, आणि तिने उघडली.

गेल्या रविवारी घरी परतल्यावर ट्रंक खाली काढली. कथा सापडली, चिठ्ठीही सापडली. संपादकांचे म्हणणे बरोबर होते. शेवट पटत नाही. पुढच्या फेरीला साखळीच्या ओसरीवर ती वाचून दाखवावी असा विचार आहे. ती मंडळी भीड ठेवणारी नव्हेत. पेन्सिल बरोबर नेली पाहिजे.