दुभाष्या आणि डेटाबेस

दोन माणसांच्या भाषा भिन्न असल्या म्हणजे व्यवहारासाठीं मध्यें दुभाष्या लागतो. दुभाष्या जितका कुशल, तितका त्याचा विसर लवकर पडतो. आणि एकदां विसर पडला कीं, मूळ बोलणें पलीकडे कोणत्या शब्दांनीं गेलें याची चौकशी कोणी करीत नाहीं. संगणकाच्या जगांत असाच एक दुभाष्या आज असंख्य कचेऱ्यांच्या, दुकानांच्या व वाचनालयांच्या व्यवहारामागें राबत आहे. त्याचें नांव 'ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर', संक्षेपानें ओआरएम. त्याच्याकडून काम घेतांना ज्या अडचणी वारंवार येतात, त्यांचें मूळ बहुधा या विसरांतच असतें.

त्याच्या दोन बाजूंस दोन निराळ्या विचारपद्धती आहेत. डेटाबेसमध्यें माहिती कोष्टकांच्या रूपानें ठेवावी, ही कल्पना आय. बी. एम्. कंपनीच्या संशोधनशाळेंतील ई. एफ्. कॉड यांनीं १९७० सालीं मांडली. त्या कोष्टकांस प्रश्न विचारण्याची भाषा त्याच कंपनींतील चेंबरलिन व बॉइस यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केली. तीच पुढें एसक्यूएल या नांवानें रूढ झाली. उलटपक्षीं, गुइडो व्हॅन रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रकाशांत आणलेल्या पायथन भाषेंत विचार चालतो तो वस्तूंच्या रूपानें. तिच्या दृष्टीनें लेखक ही एक वस्तु, आणि त्याचीं पुस्तकें हीं त्या वस्तूच्याच अंगचीं. कोष्टकाच्या दृष्टीनें मात्र लेखक म्हणजे एका यादींतील ओळ, पुस्तक म्हणजे दुसऱ्या यादींतील ओळ, आणि दोहोंस जोडणारा धागा म्हणजे केवळ लेखकाचा क्रमांक. या दोन दृष्टींचा मेळ घालणारें एसक्यूएलअल्केमी नांवाचें साधन मायकेल बायर यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलें. पायथन लिहिणाऱ्यांत तें आज फार प्रचलित आहे.

एखाद्या वाचनालयाची यादी या साधनाच्या मदतीनें छापावयाची आहे, असें समजावें. शंभर लेखक, आणि प्रत्येकाच्या नांवाखालीं त्याचीं पुस्तकें. आज्ञावली प्रथम सर्व लेखक मागविते, आणि मग एकेक लेखक घेऊन त्याचीं पुस्तकें छापीत जाते. लिहिण्यांत कोठेंही चूक दिसत नाहीं. परंतु पडद्याआड काय घडतें ? लेखक मागवितांना पुस्तकें आणलीं जात नाहींत. ज्या क्षणीं एखाद्या लेखकाच्या पुस्तकांस हात लागतो, त्या क्षणीं दुभाष्या डेटाबेसकडे धांवतो आणि तेवढ्या एकाचींच पुस्तकें घेऊन येतो. या पद्धतीस 'लेझी लोडिंग' म्हणतात. पाहिजे तेव्हांच आणावयाचें, हा तिचा बाणा. एकच लेखक पाहावयाचा असेल तर तो शहाणपणाचा आहे. शंभर लेखकांच्या यादींत मात्र लेखकांसाठीं १ आणि पुस्तकांसाठीं १००, अशा १०१ खेपा होतात. वाण्याच्या दुकानीं पाठविलेल्या मुलानें दर जिनसासाठीं निराळा हेलपाटा घालावा, तशी ही गत. या दोषास 'एन अधिक एक' असें नांव पडलें आहे. त्याचा खरा दगा असा कीं, तपासणीच्या वेळीं पांचच लेखक असतात व सहा खेपा डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों होऊन जातात; आणि प्रत्यक्ष उपयोगांत हजारों लेखक आले म्हणजे तीच यादी रेंगाळूं लागते.

उपाय एवढाच कीं, काय काय लागणार हें दुभाष्यास निघण्यापूर्वींच सांगावें. 'सिलेक्टइनलोड' अशी सूचना दिली तर तो प्रथम लेखक आणतो, आणि मग त्या सर्वांचे क्रमांक एकाच प्रश्नांत घालून त्यांचीं पुस्तकें एकदम मागवितो. शंभर लेखकांचें काम दोन खेपांत उरकतें. 'जॉइंडलोड' ही दुसरी सूचना. तिच्यामुळें दोन्ही कोष्टकें जोडून एकाच खेपेंत येतात. परंतु लेखकाचीं वीस पुस्तकें असलीं तर त्याचें नांवगांव वीस ओळींत वीस वेळां येतें. म्हणून पुस्तकावरून त्याचा एकच लेखक हवा असेल तेथें जॉइंडलोड, आणि लेखकावरून अनेक पुस्तकें हवीं असतील तेथें सिलेक्टइनलोड, हा नियम सामान्यतः उपयोगी पडतो. विसरण्याची धास्ती वाटत असेल त्यानें 'रेझलोड' ही सूचना द्यावी. मग न सांगतां खेप घालण्याचा प्रसंग येतांच काम तेथेंच थांबतें व तक्रार पुढें येते.

याच दोषाचें आणखी एक रूप आहे. दुभाष्याची डेटाबेसशीं जी बैठक चालते तिला 'सेशन' म्हणतात. ती संपल्यावर लेखकाच्या न आणलेल्या पुस्तकांस हात लावला, तर आणावयास कोणी उरत नाहीं आणि काम अडतें. अशा वेळीं पुष्कळ जण बैठकच लांबवीत बसतात. त्यापेक्षां, लागणारीं पुस्तकें बैठक चालू असतांनाच मागवून घेणें बरें.

मंदपणा निदान डोळ्यांस दिसतो. खोटें उत्तर दिसत नाहीं. म्हणून पुढील तीन अडचणी अधिक गंभीर समजल्या पाहिजेत.

पहिली जोडणीची. लेखक व पुस्तकें साध्या 'जॉइन'नें जोडून प्रत्येकाचीं पुस्तकें मोजलीं, तर ज्याचें एकही पुस्तक नाहीं तो लेखक उत्तरांतून नाहींसाच होतो. त्याच्यापुढें शून्य येत नाहीं. तेथें 'आउटर जॉइन' हवा. शिवाय ओळी न मोजतां पुस्तकांचे क्रमांक मोजावे. नाहींतर पुस्तकाविना आलेली ओळही एक पुस्तक म्हणून धरली जाते.

दुसरी अडचण रिकाम्या रकान्याची. असा रकाना म्हणजे शून्य नव्हे. 'ठाऊक नाहीं' हा त्याचा अर्थ. ज्यांचें शहर पुणें नाहीं असे सभासद मागितले, तर ज्यांचें शहर नोंदलेलेंच नाहीं ते उत्तरांत येत नाहींत. कारण अज्ञात शहर पुण्याहून वेगळें आहे, असेंही डेटाबेसला म्हणतां येत नाहीं. तेही हवे असतील तर तशी निराळी अट घालावी लागते. तसेंच, परत न आलेलीं पुस्तकें शोधतांना परतीच्या तारखेचा रकाना रिकामा आहे काय, हें पायथनच्या 'इज नन' या शब्दांनीं विचारलें, तर पायथन तो प्रश्न स्वतःच सोडवून टाकतो आणि डेटाबेसकडे नुसता नकार पोंचतो. पुस्तकें घरोघर पडलेलीं असतां एकही बाहेर नाहीं, असें उत्तर मिळतें ! तेथें 'इज_' ही रकान्याची स्वतःची क्रिया वापरली पाहिजे.

तिसरी अडचण सर्वांत फसवी. लेखक अमुक आणि भाषा मराठी, अशा बरोबरीच्या दोन अटी पायथनच्या 'अँड' शब्दानें जोडल्या, तर दुभाष्याकडे पहिली तेवढी जाते. दुसरी वाटेंतच गळते आणि कोणतीही तक्रार होत नाहीं. त्याऐवजीं 'व्हेअर'मध्यें दोन्ही अटी स्वल्पविरामानें वेगळ्या द्याव्या, किंवा 'अँड_' वापरावें. 'अँपरसँड' चिन्ह वापरल्यास प्रत्येक अट कंसांत घालावी. कारण पायथनमध्यें त्या चिन्हाची पकड बरोबरीच्या चिन्हाहून आधीं बसते.

या सर्वांवर एकच कसोटी आहे. डेटाबेसशीं जोडणारें 'इंजिन' तयार करतांना 'एको' चालू केला, कीं पाठविलेला प्रत्येक प्रश्न एसक्यूएलमध्यें जसाच्या तसा समोर उमटतो. एकाच घाटाच्या शंभर ओळी दिसल्या तर हेलपाटे ओळखावे. घातलेली अट ओळींत नसली तर ती गळाली असें समजावें. एसक्यूएल शिकण्याचा कंटाळा म्हणून जो ओआरएम हातीं धरतो, त्याला हा मजकूर वाचतां येत नाहीं आणि त्याची फसगत होते. दोन्ही भाषा थोड्याबहुत जाणणाऱ्यास मात्र तोच दुभाष्या उत्तम सेवक ठरतो. तो लबाड नाहीं. त्याच्या हातीं जें पडतें तेंच तो पोंचवितो. काय पडलें, हें पाहण्याचें काम मात्र धन्याचेंच राहतें.