रतनगडाचं नेढं आणि संशोधनाचा पहिला प्रश्न

मागच्या काही दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली : "पीएचडीसाठी विषय सापडलाय, पण प्रश्न सापडत नाही. काय करू?" विषय आणि प्रश्न यांतला फरक मला स्वतःला फार उशिरा कळला. तो एका डोंगरावर कळला, आणि त्याची किंमत म्हणून माझे चार महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

मी कोपरगावचा. आमच्याकडे गोदावरीकाठची काळी जमीन, ऊस आणि कांदा. उघडा खडक बघायचा तर विहिरीत डोकवावं लागतं. पण ही काळी माती आली कुठून? मुख्यतः बेसाल्ट खडक झिजून. तो खडक उघडावाघडा बघायला आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला जायचं. कोपरगावहून संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडी, आणि तिथून भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेने रतनवाडी. हे धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. ते ज्या प्रवरेवर आहे ती याच डोंगरांत उगम पावते आणि पुढे नेवाशाकडे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. म्हणजे डोंगर आपल्यापासून लांब असला तरी परका नाही.

वाट आणि नेढं

रतनवाडीत अमृतेश्वराचं जुनं कोरीव मंदिर आहे. तिथून ओढा ओलांडून दाट जंगलातून चढण सुरू होते. शेवटी कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या चढल्या की गडाचा दरवाजा. गडाच्या माथ्यावर खडकाला आरपार भोक आहे, तेच नेढं. सुईला जसं नेढं असतं तसं, म्हणून हे नाव. आत बसलं की वारा असा येतो की टोपी हातात धरावी लागते. समोर कळसूबाई (1646 मीटर) आणि अलंग-मदन-कुलंगची रांग दिसते.

तिथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, "वाऱ्याने पाडलंय हे भोक." मीही तेच वहीत लिहिलं. माझा विषय बेसाल्टची झीज हा होता, त्यामुळे मला वाटलं, झालं, संशोधन सुरू झालं!

चूक कुठे झाली?

मे महिन्याच्या शेवटी परत आल्यावर मार्गदर्शकांना वही दाखवली. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला : वारा जोरात आहे म्हणून भोक पडलं, की भोक आहे म्हणून वारा जोरात आहे?

विचार करा. डोंगराची अरुंद धार वाऱ्याला आडवी येते. वाऱ्याच्या बाजूला हवेचा दाब वाढतो, मागच्या बाजूला कमी असतो. मध्ये भोक असेल तर हवा तिथून घुसणारच. म्हणजे आज मला लागलेला वारा हा भोकाचा परिणाम असू शकतो. त्याच वाऱ्याला मी कारण म्हणून लिहून टाकलं होतं.

दुसरा प्रश्न : "मऊ खडक" असं लिहिलंयस, तो नेढ्याच्या कोणत्या तोंडाला? किती उंचीवर? वहीत उत्तर नव्हतं. फोटो साठ होते, पण एकाही फोटोची दिशा लिहिलेली नव्हती. तेवढ्यात पाऊस लागला. ओल्या कातळावर, शिड्यांवरून मोजमाप करायला जाणं शहाणपणाचं नव्हतं. पुन्हा जायला ऑक्टोबर उजाडला.

एक उत्तर नको, तीन ठेवा

टी. सी. चेंबरलिन या अमेरिकन भूवैज्ञानिकाने 1890 मध्ये एक पद्धत मांडली : एकाच वेळी अनेक गृहीतकं हाताशी ठेवायची. कारण साधं आहे. एकच गृहीतक असलं की आपण त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करायला लागतो, आणि मग त्याच्या खोड्या दिसत नाहीत.

आता खडकाकडे या. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. आज हा दख्खनचा ट्रॅप सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. 'ट्रॅप' हा शब्द जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते यामुळेच. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र. दोन थरांमध्ये काही ठिकाणी लाल मातकट पट्टा असतो. शिवाय लाव्हा थंड होताना खडकाला उभ्या भेगा पडतात.

यावरून तीन गृहीतकं निघतात. प्रत्येकापुढे 'हे खरं असेल तर काय दिसायला हवं' ते लिहा :

1. वारा : नुसती हवा कठीण बेसाल्ट कापत नाही, तिच्यात वाळूचे कण हवेत. तसं झालं असेल तर वाऱ्याच्या बाजूचा खडक घासून गुळगुळीत झालेला हवा.
2. मऊ थर : नेढ्याचा तळ सच्छिद्र किंवा मातकट थरावर हवा, आणि तोच थर दोन्ही तोंडांना जुळत्या पातळीवर सापडायला हवा. खडक कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटताना दिसेल.
3. भेगा : भिंती सपाट, कोपरे धारदार, खाली कोनाकोनाचे तुकडे पडलेले, आणि भिंतींची दिशा आसपासच्या भेगांशी जुळणारी.

बघा, "नेढं कसं तयार झालं?" हा होता विषय. "नेढ्याच्या भिंतींची दिशा शेजारच्या भेगांच्या दिशेशी जुळते का?" हा झाला प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर होकायंत्र आणि वही घेऊन मिळतं. ते 'नाही' असंही येऊ शकतं, आणि म्हणूनच तो प्रश्न कामाचा आहे. तिन्ही कारणं एकत्रही असू शकतात. मग कोणतं आधी आणि कोणतं नंतर, हा पुढचा प्रश्न.

वाचताना एक सावधगिरी. 2014 मध्ये काही संशोधकांनी प्रयोगाने दाखवलं की वालुकाश्मात वरच्या वजनाच्या दाबाने कण एकमेकांत घट्ट बसतात, आणि त्यामुळे कमान झिजेला टिकते. निष्कर्ष सुंदर आहे, पण तो वालुकाश्माचा. बेसाल्टला तसाच चिकटवायचा नाही. आधी विचारायचं, तो इथे लागू का व्हावा?

जाण्याआधी

प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, दिशा आणि जागा लिहा. फोटोत मोजपट्टी ठेवा. 'दिसलं ते' डाव्या पानावर, 'वाटलं ते' उजव्या पानावर. माझी सगळी गडबड ही दोन पानं एक झाल्यामुळे झाली होती. आणि हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा वन विभागाच्या परवानगीशिवाय खडकाचा तुकडासुद्धा उचलू नका.

ऑक्टोबरमध्ये गेलो तेव्हा वारा तेवढाच होता. या वेळी टोपी बॅगेत होती आणि हातात होकायंत्र. दिवसभरात फक्त अकरा नोंदी झाल्या, पण त्या अकराही आज माझ्या प्रबंधाच्या मसुद्यात आहेत. आधीच्या साठ फोटोंपैकी एकही नाही.

आता तुमचा विषय एका कागदावर लिहा. त्याखाली तीन शक्य उत्तरं, आणि प्रत्येकापुढे ते खोटं ठरवेल असं एक निरीक्षण. तिसरा रकाना रिकामा राहिला तर घाबरू नका. तुमचं वाचन कुठून सुरू करायचं, ते तोच सांगेल.