वायुरूप इंधनाच्या अणुभट्ट्या आणि ट्रॉम्बे येथील 'पूर्णिमा-2'

पदवीच्या वर्गात अणुभट्टी शिकविताना इंधन घनच असते, असे बहुधा गृहीत धरले जाते. 1969 मध्ये सुरू झालेल्या तारापूर केंद्राची रचनाही तशीच आहे. तेथे युरेनियम ऑक्साइडच्या वड्या धातूच्या नळ्यांत बंद असतात. मात्र या ऑक्साइडचा द्रवणांक सुमारे 2,850 अंश सेल्सिअस असून नळी त्याच्या कितीतरी आधी वितळते. विखंडनातून याहून अधिक तापमान मिळू शकते, परंतु घन इंधन ते सोसू शकत नाही. इंधनच वायुरूप ठेवले तर ही मर्यादा दूर होते. या कल्पनेचा उगम येथे आहे.

अवकाशयानासाठी तिचे आकर्षण मोठे आहे. अणुशक्तीवरील अग्निबाणात तापविलेला हायड्रोजन वेगाने बाहेर टाकला जातो. तो जितका तप्त, तितका वेग अधिक. अमेरिकेचा 'नर्व्हा' प्रकल्प 1973 मध्ये बंद झाला. त्याचे इंधन घन होते. वायुरूप युरेनियममध्ये हायड्रोजन कित्येक पट तापविता येईल, पण त्याच्याबरोबर मौल्यवान युरेनियमही बाहेर पडेल. यावर उपाय म्हणून युरेनियम पारदर्शक क्वार्ट्झच्या भिंतीआड कोंडून केवळ प्रारणाने हायड्रोजन तापविण्याची योजना पुढे आली. तिला 'न्यूक्लिअर लाइट बल्ब' म्हणतात. मात्र ही भिंत टिकविणे हेच अवघड आहे.

जमिनीवरील भट्टीसाठी युरेनियम हेक्झाफ्लोराइड सोयीचे ठरते, कारण ते सुमारे 56 अंशांवरच वायुरूप होते. अशा प्रायोगिक भट्टीची माहिती सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1958 च्या जिनिव्हा परिषदेत मांडली. इंधन फिरते राहिल्याने विखंडनाची उत्पादिते भट्टी न थांबविता वेगळी करता येतील, हा मोठा लाभ. उलटपक्षी, वायूची घनता कमी असल्याने न्यूट्रॉन सहज निसटतात. म्हणून दाब वाढवावा लागतो आणि सभोवती उत्तम परावर्तक लागतो. शिवाय हा वायू आर्द्रतेशी संयोग पावून दाहक हायड्रोजन फ्लोराइड निर्माण करतो.

महाराष्ट्रात वायुरूप इंधनाची भट्टी झालेली नाही. तथापि भाभा अणुसंशोधन केंद्रात 1984 मध्ये कार्यान्वित झालेली 'पूर्णिमा-2' तिच्या बरीच जवळ जाते. थोरियमपासून मिळविलेले युरेनियम-233 तिच्यात युरेनिल नायट्रेटच्या द्रावणरूपाने होते आणि बेरिलियम ऑक्साइडच्या परावर्तकामुळे ते अल्प प्रमाणात पुरले. द्रावण तापले की प्रसरण पावते, न्यूट्रॉन अधिक निसटतात आणि अभिक्रिया आपोआप मंदावते. प्रवाही इंधनाचा हा गुण वायूतही अपेक्षित आहे.

पुढे 'पूर्णिमा-3' आणि कल्पाक्कम येथे 1996 मध्ये क्रांतिक झालेली 'कामिनी' यांत तेच युरेनियम-233 वापरले गेले, पण अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या घन पट्ट्यांत.