गंजाखाली लोखंड शाबूत असतं

घरी लोखंडकामाचं छोटं वर्कशॉप असावं असं ज्याला वाटतं, तो बहुधा यादीपासून सुरुवात करतो. ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंग मशीन, जमलं तर छोटा लेथ. यादी वाढते, पैशांचा आकडा फुगतो आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. माझं सांगणं असं की पहिली खरेदी यंत्राची करूच नका. एक गंजलेला व्हाइस आणा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात तो मिळेल, नाहीतर आपल्या गावच्या भंगारवाल्याकडे वजनावर मिळेल. तो सोडवून, साफ करून, पुन्हा जोडून चालता करेपर्यंत या कामातलं निम्मं शिक्षण होऊन जातं. धातू ओळखता येतो, आटे कळतात, कानस हातात बसते, आणि ज्याच्याशी पुढे कायमची गाठ आहे त्या गंजाचा स्वभाव समजतो.

व्हाइस निवडताना गंजाकडे नव्हे, तड्यांकडे बघायचं. जुने व्हाइस बहुतेक बिडाचे असतात. बीड दाब उत्तम सोसतं, ताण मात्र सोसत नाही. कुणी मुठीला पाइप लावून अवाजवी पिळलं असेल तर हलत्या जबड्याच्या मुळाशी बारीक चीर गेलेली असते. लहान हातोडीने हलका टोला मारून ऐका. शाबूत बीड वाजतं, चिरलेलं बद्द बोलतं. वेल्डिंगचा फुगवटा दिसला तर तो व्हाइस तिथेच ठेवा, कारण बीड आधी नीट तापवून आणि नंतर सावकाश थंड करून जोडलेलं नसेल, तर जोडाच्या शेजारी पुन्हा तडकतं. जबड्यांवरच्या पोलादी पट्ट्या झिजल्या असल्या तरी चिंता नाही, त्या बदलता येतात. मधल्या स्क्रूचे आटे झिजून पातळ झाले असतील तर टर्नरकडून नवा स्क्रू आणि नट करून घेता येतो. हे आटे साध्या बोल्टसारखे त्रिकोणी नसतात, चौकोनी किंवा त्याच्या जवळचे असतात. त्यामुळे पिळण्याचा जोर सरळ स्क्रूच्या रेषेत जातो, नट फाकवण्यात वाया जात नाही. घरासाठी चार इंची जबडा पुरे. वजन मात्र जितकं जास्त तितकं बरं.

आता गंज. कोरड्या हवेत लोखंड गंजत नाही. पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. एकाच पट्टीवर एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात, आणि शेजारच्या दुसऱ्या जागी ते इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या कामी येतात. मधला पाण्याचा थेंब हे मंडल पूर्ण करतो. म्हणजे गंजणारी प्रत्येक पट्टी ही एक चिमुकली बॅटरीच असते. थेंबात मीठ असेल तर वीज अधिक सहज वाहते. रत्नागिरीत उघड्यावर ठेवलेली पहार सोलापुरातल्या पहारीपेक्षा लवकर खाल्ली जाते ती यामुळेच, आणि चकचकीत पोलादावर दुसऱ्या दिवशी बोटांचे तांबूस ठसे उठतात तेही घामातल्या मिठामुळेच. ॲल्युमिनियमवर चढणारा ऑक्साइडचा थर घट्ट बसतो आणि आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, पापुद्र्यांनी सुटतो, आणि मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. अडकलेला नट हलत नाही तो याच फुगण्यामुळे.

तो सोडवायला ताकदीपेक्षा सवड लागते. आट्यांत डिझेल किंवा गंज सोडवणारं पातळ तेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी हलके टोले द्यायचे, पुन्हा तेल सोडायचं. टोल्यांच्या कंपनाने गंजाचा चुरा होतो आणि तेलाला वाट मिळते. सुरुवातीलाच सगळं अंग टाकून पिळलं तर बोल्टचं डोकं तुटून हातात येतं. उष्णतेचा उपाय जालीम आहे. नट तापवला की तो फुगतो आणि पकड सुटते. पण डिझेल लावलेल्या भागावर बर्नर धरायचा नाही, आणि बिडाचा एकच कोपरा लालबुंद होईपर्यंत तापवायचा नाही.

सुटे झालेले भाग साफ करायला माझ्या मते विजेइतकी सुरेख रीत दुसरी नाही. प्लॅस्टिकचा टब घ्या, त्यात पाणी आणि दर लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. गंजलेला भाग तारेने बांधून पाण्यात असा लटकवा की तो दुसऱ्या कशाला टेकणार नाही. चारी बाजूंनी साध्या लोखंडाचे भंगार तुकडे उभे करा. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार भंगाराला. ही अदलाबदल झाली तर तुमचा व्हाइसच विरघळू लागेल, म्हणून तारा दोनदा तपासाव्यात. चार्जर जुन्या धाटणीचा, साध्या ट्रान्सफॉर्मरचा असावा, कारण नवे पुष्कळसे चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय वीज सोडतच नाहीत. वीज सुरू झाली की भागाभोवती बुडबुडे उठतात, गंजाचा थर ढिला पडतो, काही अंशी काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, आणि भंगाराचे तुकडे तपकिरी होऊन झिजत जातात. काही तासांनी, फार तर दुसऱ्या दिवशी, भाग बाहेर काढून ब्रशने घासला की काळी मऊ काजळी निघून जाते आणि खालचा करडा धातू दिसतो. खालचं चांगलं लोखंड या रीतीने खाल्लं जात नाही, हा तिचा मोठा गुण. विसरलेला टब दुसऱ्या दिवशीही चालतो. गेलेलं लोखंड अर्थातच परत येत नाही, खड्डे राहतात. व्हाइसला खड्ड्यांनी काही बिघडत नाही.

यात काही गोष्टी कटाक्षाने पाळायच्या आहेत. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात आणि तो पेट घेतो, म्हणून टब गच्चीवर किंवा अंगणात ठेवायचा, आणि तारांना हात लावण्याआधी वीज बंद करायची. सोड्याऐवजी मीठ घालायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन निघतो. भंगार म्हणून स्टेनलेस स्टील टिकाऊ वाटतं, पण ते कधीही वापरू नका. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक रूपात पाण्यात उतरतं आणि ते पाणी टाकायचं कुठे हा प्रश्न उरतो. जस्त चढवलेले तुकडेही नकोत. ॲल्युमिनियमचा भाग या पाण्यात खाल्ला जातो. स्प्रिंगा आणि पाणी दिलेली कडक पाती यात घालू नयेत, हायड्रोजन पोलादात शिरून त्यांना ठिसूळ करू शकतो. आणि जुन्या व्हाइसचा रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असण्याची शक्यता असते. या टबात तो रंग बहुधा ओल्यानेच सुटून येतो.

लहान भागांना आम्ल सोपं पडतं. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, एका लिटरला पन्नास ते शंभर ग्रॅम घेतलं तर काही तासांत काम होतं. व्हिनेगरही चालतं, वेळ अधिक लागतो. चिंचेच्या कोळाने तांब्या-पितळेची भांडी उजळतात ते त्यातल्या टार्टरिक आम्लामुळे, आणि तोच कोळ लोखंडाचा हलका गंजही काढतो. आम्लाचा दोष असा की गंज संपला की ते चांगल्या लोखंडाला लागतं, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. शौचालय साफ करायचं हायड्रोक्लोरिक आम्ल झटपट काम करतं, तरी त्याला वर्कशॉपमध्ये जागा देऊ नये. बाटलीचं झाकण नुसतं सैल राहिलं तरी त्याच्या वाफा त्याच खोलीतल्या सगळ्या हत्यारांवर गंज चढवतात.

तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो, कारण त्यात गंज काढायचाच नसतो, त्याला बदलून टाकायचं असतं. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं, आणि टॅनिन लोखंडाला भेटलं की निळसर काळा, घट्ट संयुग तयार होतं. आंध्रातल्या श्रीकाळहस्तीच्या कलमकारीत हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर गूळ आणि लोखंड कुजवून केलेलं पाणी कलमाने उतरवतात आणि काळी रेघ उमटते, ती याच क्रियेने. पुराणवस्तूंचे जतन करणारे लोखंडी वस्तूंवर टॅनिक आम्ल लावतात. बाजारात मिळणारी काही ‘रस्ट कन्व्हर्टर’ द्रावणं याच तत्त्वावर बनतात, तर काही फॉस्फोरिक आम्लावर. त्यात गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर होतं. मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उघड्यावर उभा आहे, त्यामागेही फॉस्फरसच आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं की त्या लोखंडातल्या भरपूर फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ राखणारा थर तयार झाला. खिडकीचे गज, फाटक, पलंगाचे पाय अशा मोठ्या वस्तूंसाठी गंज बदलण्याचा हा उपाय योग्य. सरकत्या भागांसाठी नाही.

कोणत्याही ओल्या उपायानंतरची पहिली दहा मिनिटं निर्णायक असतात. उघडं पडलेलं लोखंड हवेत डोळ्यांदेखत तांबूस होऊ लागतं. आम्लातून काढलेला भाग सोड्याच्या पाण्यात बुडवायचा, मग गरम पाण्याने धुऊन पुसायचा, उन्हात किंवा गरम हवेत पूर्ण सुकवायचा आणि कोमट असतानाच तेल लावायचं. जवसाचं तेल अगदी पातळ पुसलं तर ते सुकून त्याचा कडक थर होतो. बिडाचा तवा तेल लावून तापवतात तेव्हाही हेच घडतं. तेल भिजलेला फडका मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि फडका आपोआप पेटू शकतो.

व्हाइस उभा राहिला की हातात कानस घ्यायची. कानस पुढे जातानाच कापते, मागे आणताना दाब सोडायचा. दातांत खडू घासून ठेवला की धातूचा कीस अडकत नाही. जुन्या बाजारात गंजक्या कानशी मातीमोल मिळतात. लिंबूसत्त्वात काही तास ठेवल्या तर गंज जातोच, शिवाय आम्ल दातांना किंचित कोरून पुन्हा धार देतं. दात पुरते झिजले असतील तर मात्र काही उपयोग नाही. सपाट कानस मारणं सगळ्यांत अवघड. हात डोलतो आणि पट्टी मधे फुगते. गुण्या लावून उजेडाकडे धरली की फट दिसते.

पण मुळात सपाट म्हणजे काय, हे ठरवलं कसं? दोन पत्रे एकमेकांवर तंतोतंत बसले तरी एक फुगीर आणि दुसरा खोलगट असू शकतो. तीन पत्रे घेतले आणि प्रत्येक जोडी तंतोतंत बसली, तरच तिन्ही सपाट असतात. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४० मध्ये ही रीत मांडली. उंचवटे रंगाने शोधायचे आणि स्क्रॅपरने हाताने खरवडायचे. यंत्रांच्या जगातली अचूकता या हातकामावर उभी राहिली, हे मला आजही थक्क करतं. याच व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण ठरवलं. जुन्या व्हाइसचा अर्ध्या इंची बोल्ट गेला तर दुकानातला बारा एमएमचा बसणार नाही. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश आणि इंचात १२ आटे, मेट्रिकचा कोन ६० अंश आणि दोन आट्यांतलं अंतर १.७५ मिमी. जोर लावून बसवलात तर दोन्ही वाया जातील.

बाकी हत्यारांचं थोडक्यात. हॅकसॉच्या पात्याचे दात पुढे रोखलेले हवेत, आणि कापताना किमान तीन दात धातूवर असावेत, म्हणून पत्र्याला बारीक दातांचं पातं. एम ६ चा आटा पाडायला भोक ५ मिमीचं, एम ८ ला ६.८ मिमीचं. टॅप अर्धा फेरा पुढे गेला की पाव फेरा मागे घ्यायचा, म्हणजे कीस तुटतो. लोखंडात ६ मिमीचं ड्रिल मिनिटाला साधारण १३०० फेऱ्यांवर चालवा, १२ मिमीचं त्याच्या निम्म्यावर. ड्रिल आणि लेथजवळ हातमोजे, ओढणी, पदर, सैल बाह्या चालणार नाहीत. फिरतं यंत्र कापड पकडून हात आत ओढतं. ग्राइंडरचं संरक्षक कवच काढणाऱ्याकडून काहीही शिकू नका.

लेथ पुढे कधीतरी घ्याच, पण घेताना घाई नको. जुन्या लेथचा बेड चकजवळ सर्वांत जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होतं. मोटर थ्री-फेज असेल तर घरच्या सिंगल-फेजवर ती चालवण्याची सोय करावी लागते. आणि त्या बेडवर गंज दिसला तर एमरी पेपर लावायचा नाही. त्याचे कण बिडात रुततात आणि मग बेड कायम झिजत राहतो. तेल टाकून धारदार पात्याने आडवं खरवडायचं.

पावसाळ्यात हत्यारं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणं चुकीचं आहे. पहाटे थंड झालेल्या लोखंडावर दमट हवेतलं पाणी जमतं आणि प्लॅस्टिक ते आत कोंडून ठेवतं. तेल लावलेलं सुती कापड बरं. आपल्याकडे खंडेनवमी पाऊस सरता सरता येते, आणि हत्यारं-यंत्रं उतरवून पुसण्याचा तो दिवस वर्कशॉपला अगदी योग्य वेळी मिळतो. पूजा झाल्यावर मात्र झेंडूची ओली फुलं आणि हळद-कुंकू उघड्या बेडवर रात्रभर ठेवू नयेत. सकाळी त्यांच्याखाली डाग पडलेले असतात. खाली तेलकट कागद घाला, आणि पूजा आटोपली की फुलं मुठीला किंवा मोटरच्या झाकणावर हलवा.

चालता झालेल्या व्हाइसवर पहिलं काम कोणतं करायचं, तर त्याच व्हाइससाठी मऊ जबडे. चार इंच लांबीचे ॲल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे हॅकसॉने कापा, कडा कानशीने मारा, टोकं जबड्यांवर वाकवून बसवा. मापून रेघ मारणं, कापणं, कानस, वाकवणं हे सगळं त्यात येतं. यानंतर पितळेचा नळ धरा किंवा आटे पाडलेला बोल्ट, जबड्यांच्या खाचा त्यावर उमटत नाहीत.